कच्चे-पक्के : झेन वाङ्मयातील बोधाची परीक्षा

ज्याला ज्ञान झाले आहे त्याला ओळखावे कसे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाच्या बोलण्या-बसण्या-चालण्याविषयी विचारतो आणि श्रीकृष्णाला त्याचे उत्तर अठरा श्लोकांत द्यावे लागते. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षण व शिष्यलक्षण सांगून झाल्यावर बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध या चौघांना एकेक स्वतंत्र समास दिला. लक्षण कळले की वस्तू ओळखता येते, असा या पद्धतीमागचा विश्वास आहे. चीनमध्ये वाढलेल्या आणि पुढे जपानमध्ये रुजलेल्या झेन संप्रदायापुढेही हाच प्रश्न होता. परंतु त्याने लक्षणांची यादी करण्याऐवजी भेटींच्या गोष्टी सांगितल्या. गुरू काही विचारतो, शिष्य उत्तर देतो किंवा देत नाही, आणि गुरू एका वाक्यात निकाल सांगून मोकळा होतो. अशा शेकडो गोष्टींचे जे वाङ्मय निर्माण झाले, ते बोध ओळखण्याच्या कामी कितपत उपयोगी पडते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो विशेष जवळचा आहे. गावाकडे देव, मठ आणि गुरू घराण्यातून चालत आलेले असतात. त्यांची निवड आपल्याला करावी लागत नाही. बदलीच्या गावी ती करावी लागते. सरकारी वसाहतींतून सत्संग भरतात, ध्यानाचे वर्ग निघतात, कोणा तरी महाराजांचे छायाचित्र दिवाणखान्यात येते. आणि एरवी टिपणीतील स्वल्पविरामावरही हरकत घेणारा गृहस्थ या एका बाबतीत कसलीही छाननी न करता मस्तक ठेवतो. ज्या परंपरेने छाननी हाच साधनेचा भाग मानला, तिच्या ग्रंथांकडे अशा वेळी छाननीच्या नजरेने पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

आरंभी दोन-चार शब्दांचा परिचय करून घेणे आवश्यक आहे. 'झेन' हा आपल्याच 'ध्यान' शब्दाचा जपानी अवतार. मधला चिनी उच्चार 'चान'. बोधाला जपानी भाषेत 'सातोरी' किंवा 'केन्शो' म्हणतात. दुसऱ्या शब्दाचा अर्थ आपल्या मूळ स्वभावाचे दर्शन. शिष्याच्या बोधाला गुरूने दिलेली मान्यता म्हणजे 'इन्का'. आणि ज्या कोड्यावर शिष्याला महिनोन् महिने बसविले जाते ते 'कोआन'. या शेवटच्या शब्दाचे मूळ चिनी कचेरीत आहे. सरकारी दप्तरातील प्रकरण, ज्याचा निकाल पुढच्यांनी दाखल्यासाठी पाहावा, असा त्याचा अर्थ होता. धर्माच्या या शाखेने आपल्या सर्वांत गूढ गोष्टीला दप्तरातला शब्द वापरावा, ही बाब पुढील विवेचनात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

बोधाच्या परीक्षेची पहिली प्रसिद्ध हकीगत 'मंचसूत्र' या ग्रंथात येते. पाचवे आचार्य होंगरेन (६०१–६७४) यांना आपला वारस निवडायचा आहे. ते शिष्यांना आपापला अनुभव पद्यात मांडण्यास सांगतात. मठातील ज्येष्ठ शिष्य शेनश्यू संकोचत, रात्रीच्या अंधारात, ओवरीच्या भिंतीवर आपले पद्य लिहून ठेवतो. मन आरशासारखे असून ते नित्य पुसत राहावे, असा त्याचा आशय. कांडपघरात भात कांडणारा हुइनेंग (६३८–७१३) हा दक्षिणेकडचा निरक्षर तरुण. तो दुसऱ्याकडून आपले पद्य लिहवून घेतो आणि शेनश्यूच्या आरशाची कल्पनाच काढून टाकतो. आचार्य त्याला मध्यरात्री बोलावतात, आपले वस्त्र देतात आणि मठातून पळून जाण्यास सांगतात.

ही कथा सामान्यतः विद्वत्तेवर अनुभवाने मिळविलेला विजय म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातील निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. आचार्य दोनदा जाहीर निकाल देतात आणि दोन्ही वेळा तो त्यांच्या मनातील निकालापेक्षा वेगळा असतो. शेनश्यूच्या पद्याची ते सर्वांसमक्ष स्तुती करतात, ते सर्वांना पाठ करावयास सांगतात, आणि एकांतात त्याला कळवितात की तू अद्याप दारातच उभा आहेस. हुइनेंगचे पद्य मात्र सर्वांसमक्ष अपुरे ठरवून एकांतात त्यालाच वारसा देतात. म्हणजे ज्या ग्रंथाने बोधाच्या परीक्षेचा आदर्श घालून दिला, त्यातच जाहीर शेऱ्यावर विश्वास ठेवू नये असे सुचविलेले आहे. हे सूचन ग्रंथकर्त्याने हेतुपुरस्सर केले असो वा नसो, कथेचे बळ त्यातच आहे.

आता या कथेच्या ऐतिहासिक बाजूकडे पाहू. इ. स. १९०० मध्ये चीनच्या वायव्येकडील दुनहुआंग येथे एक बंद गुहा उघडली गेली आणि तिच्यात हस्तलिखितांचा प्रचंड साठा सापडला. त्यात मंचसूत्राची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत होती. त्याच साठ्यातील शेनहुइ नावाच्या भिक्षूचे लेखन चिनी विद्वान हू शी यांनी १९२६ मध्ये पॅरिसच्या ग्रंथालयात शोधून काढले. या शेनहुइने इ. स. ७३२ मध्ये भर सभेत शेनश्यूच्या परंपरेवर हल्ला चढविला होता आणि खरा वारसा आपले गुरू हुइनेंग यांचा असल्याचे प्रतिपादन केले होते. शेनश्यू हा वास्तविक सम्राज्ञी वू हिने राजधानीत सन्मानाने बोलावलेला थोर आचार्य. जॉन मॅक्रे यांच्यासारख्या संशोधकांच्या मते हे दोघे होंगरेनच्या मठात एकाच वेळी नसावेतच. शिवाय हुइनेंगच्या पद्यातील सर्वांत गाजलेला चरण, मुळात एकही वस्तू नाही या आशयाचा, दुनहुआंगच्या प्रतीत नाही. तो पुढच्या प्रतींत येतो. ज्या पद्याने बोध सिद्ध झाला म्हणतात, ते पद्यच मागाहून दुरुस्त झालेले आहे.

हू शी आणि दाइसेत्झ सुझुकी यांच्यात १९५३ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात झालेला वाद या मुद्द्यावरचा होता. हू शी यांचे म्हणणे असे की झेन ही इतिहासातील चळवळ असून ती इतिहासाच्याच साधनांनी समजली पाहिजे. सुझुकी यांचे म्हणणे असे की झेनला आतून जाणल्याखेरीज त्याचा इतिहासही कळणार नाही. दोघांत निवड करण्याची मला आवश्यकता वाटत नाही. कथा घडली नसली तरी ती ज्यांनी रचली आणि पाचशे वर्षे घासून लख्ख केली, त्यांना परीक्षेविषयी काय वाटत होते याचा ती अस्सल पुरावा आहे. पण वारशाच्या भांडणातून जन्मलेली कथा वारशाचा दाखला म्हणून पुढे करता येणार नाही, एवढे हू शी यांच्या बाजूने मान्य केलेच पाहिजे.

या वाङ्मयाचे शिखर मला वूमेन हुइकाइ (११८३–१२६०) याने १२२८ मध्ये सिद्ध केलेल्या 'मुमोनकान' या संग्रहात दिसते. अठ्ठेचाळीस प्रकरणे, प्रत्येक प्रकरणावर वूमेनचे छोटे भाष्य आणि एक पद्य. या भाष्यकाराचा विशेष असा की तो आपल्याच परंपरेच्या दाखल्यांची झडती घेतो. सहावे प्रकरण पाहावे. बुद्धाने गृध्रकूटावर काही न बोलता एक फूल वर धरले. सर्व सभा स्तब्ध राहिली, एकटा महाकाश्यप हसला, आणि बुद्धाने आपला वारसा त्याला दिला. झेनची सारी वंशावळ या स्मितावर उभी आहे. ही कथा अकराव्या शतकापूर्वीच्या ग्रंथांत संशोधकांना आढळलेली नाही, हा भाग निराळा. वूमेन मात्र इतिहास न पाहताच बुद्धाला धारेवर धरतो. सगळीच सभा हसली असती तर वारसा कोणाला दिला असता, आणि महाकाश्यपही हसला नसता तर काय केले असते, असे तो विचारतो. एका हास्यावर निकाल देणे म्हणजे ग्राहकाला एक माल दाखवून दुसराच गळ्यात बांधणे, असा त्याचा आक्षेप आहे. आपल्या घराण्याच्या मूळ पुरुषाच्या नेमणुकीवर हरकत घेणारा भाष्यकार इतर धर्मांत सहसा सापडत नाही.

तिसऱ्या प्रकरणात नकलेचा प्रश्न उघडपणे येतो. जूझी नावाचा गुरू कोणी काहीही विचारले तरी एक बोट वर करी. त्याच्या अनुपस्थितीत सेवेकरी मुलगाही आल्यागेल्याला बोट दाखवू लागला. गुरूला हे कळल्यावर त्याने मुलाचे बोट छाटले. मुलगा रडत पळत असता त्याला हाक मारली. त्याने वळून पाहताच गुरूने आपले बोट वर केले आणि मुलाला बोध झाला. कथेतील क्रौर्य रूपक म्हणून झाकण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. तो मला पटत नाही. ज्या वाङ्मयात असे प्रसंग कौतुकाने सांगितले जातात, त्याच्या वाचकांना गुरूच्या हातातील शस्त्राविषयी शंका घेण्याची सवय राहत नाही. याचे परिणाम पुढे पाहावयाचेच आहेत. परंतु कथेचा प्रश्न खरा आहे. मुलाच्या बोटात आणि गुरूच्या बोटात डोळ्यांना दिसेल असा काहीच फरक नव्हता. शिवाय जूझीला ते बोट त्याच्या गुरूकडून मिळालेले; मग त्याची तरी ती नक्कल नव्हती हे कशावरून? वूमेन एवढेच सांगतो की दोघांचाही बोध बोटाच्या टोकावर नव्हता.

याहून मार्मिक असे अकरावे प्रकरण आहे. झाओझोउ (७७८–८९७) एका एकांतवासी साधूच्या कुटीशी जाऊन कोणी आहे का म्हणून विचारतो. साधू मूठ वर करतो. येथे पाणी उथळ आहे, नाव बांधण्याजोगी जागा नाही, असे म्हणून झाओझोउ निघून जातो. पुढे दुसऱ्या कुटीशी तोच प्रश्न विचारतो. तेथील साधूही मूठच वर करतो. या वेळी झाओझोउ त्याच्या सामर्थ्याची स्तुती करून त्याला वंदन करतो. प्रश्न तोच, उत्तर तेच, आणि निकाल परस्परविरुद्ध!

लक्षणांवर विश्वास ठेवणाऱ्या वाचकाची येथे पुरती पंचाईत होते. पहिल्याची मूठ आणि दुसऱ्याची मूठ यांत काही सूक्ष्म भेद असावा, झाओझोउच्या नजरेला तो दिसला असावा, असे म्हणून सुटका करून घ्यावी तर वूमेनने ती वाट आधीच बंद केली आहे. दोघांत उजवे-डावे आहे म्हणाल तर तुम्हाला दृष्टी नाही, आणि दोघे सारखे म्हणाल तरीही तुम्हाला दृष्टी नाही, असे तो बजावतो. त्याहीपुढे जाऊन तो सुचवितो की या दोन भेटींत परीक्षा त्या साधूंनी झाओझोउची घेतली. मला हे वाक्य सबंध झेन वाङ्मयातील सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते. निकाल देणारा निकालाबाहेर राहू शकत नाही. ज्याने शेरा मारला त्याचीही पातळी त्या शेऱ्यातच नोंदली गेली. गुरूच्या अधिकाराला यापेक्षा चांगला लगाम या ग्रंथांतून मला अन्यत्र दिसला नाही.

गोष्टींतून परीक्षा शिकविण्याचा धोका झेन आचार्यांना लवकरच जाणवला होता. गोष्ट एकदा लिहिली गेली की उत्तर पाठ करता येते. युआनवू (१०६३–११३५) याने 'हेकिगानरोकु' या नावाने जपानमध्ये प्रसिद्ध असलेला शंभर प्रकरणांचा श्रेष्ठ संग्रह भाष्यासह तयार केला. त्याचाच पट्टशिष्य दाहुइ (१०८९–११६३) याने त्याचे छापण्याचे ठसे जाळले असे परंपरा सांगते. पुढे १३०० च्या सुमारास झालेल्या पुनर्मुद्रणाच्या उपसंहारात त्याचे कारण दिले आहे. शिष्य भेटीच्या वेळी विलक्षण चतुर उत्तरे देऊ लागले. दाहुइला संशय आला. थोडे खोदून विचारताच त्यांनी कबूल केले की उत्तरे पुस्तकातली आहेत. हीच गोष्ट विसाव्या शतकात निराळ्या रीतीने घडली. १९१६ मध्ये जपानमध्ये एका टोपणनावाच्या लेखकाने आजच्या नकली झेनची समीक्षा म्हणून एक पुस्तक काढले आणि गुरुशिष्यांच्या खोलीत पिढ्यान् पिढ्या गुप्त राहिलेली कोआनांची ठरीव उत्तरे त्यात छापून टाकली. १९७५ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. ज्या परीक्षेची उत्तरे छापता येतात, ती घेणाऱ्यांनी परीक्षेचा आत्मा पूर्वीच गमावलेला असतो. पुस्तक लिहिणाऱ्याकडे त्याचा दोष जात नाही.

येथवर गुरूच्या बाजूने पाहिले. शिष्याला स्वतःची खूण पटते काय, याचे उत्तम वाङ्मय हाकुइन (१६८६–१७६९) याने आपल्या आत्मकथनांत ठेवले आहे. १७०८ मध्ये, चोविसाव्या वर्षी, एचिगो प्रांतातील एका मठात ध्यानाला बसला असता दूरची घंटा ऐकून त्याला बोध झाला. त्यानंतर त्याला वाटले की गेल्या दोनतीनशे वर्षांत असा बोध कोणालाच झाला नसेल. हा आनंद घेऊन तो ईयामा येथे राहणाऱ्या शोजू नावाच्या वृद्ध साधूकडे गेला आणि आपले पद्य त्याला दिले. म्हाताऱ्याने तो कागद चुरगाळून, हे झाले शिकलेले, पाहिलेले काय ते दाखव, असे म्हटले. झाओझोउच्या प्रसिद्ध कोआनाविषयी विचारले असता हाकुइनने ऐटीत उत्तर दिले की तेथे हात ठेवायला जागाच कुठे आहे? शोजूने त्याचे नाक पकडून पिळले आणि हात ठेवायला जागा सापडल्याचे सांगितले! पुढचे आठ महिने तो त्याला बिळात राहणारा पिशाच म्हणून हिणवीत राहिला.

या प्रसंगात विनोद आहे, पण तो वरवरचा नाही. हाकुइनचा अनुभव खोटा होता असे शोजू कोठेही म्हणत नाही. तो अनुभवाची मालकी सांगणाऱ्याला पकडतो, तेही नाकाला धरून. हाकुइनच्या कथनाची थोरवी अशी की वृद्धापकाळी, कीर्तीच्या शिखरावर असताना, तो आपली ही फजिती खुलवून सांगतो. आणि तिच्यामागे बोधांची एक मालिका उभी करतो, जिच्यातला प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याला कच्चा ठरवितो. अखेरचा प्रसंग १७२६ चा आहे. तरुणपणी त्याने सद्धर्मपुंडरीक सूत्र वाचले होते आणि निव्वळ दृष्टांतांची पोथी म्हणून बाजूला टाकले होते. तेच सूत्र पुन्हा वाचीत असता रातकिड्याचा आवाज कानी आला आणि त्याला रडू कोसळले. पुस्तक तेच, वाचणारा बदलला होता. यापुढे त्याने बोधिचित्ताचा अर्थ लोकांच्या कल्याणासाठी झिजणे असा घेतला आणि उरलेली चाळीस-बेचाळीस वर्षे शेतकरी, बायाबापड्या, सरदार अशा सर्वांना शिकविण्यात घालविली. या शोजूकडून हाकुइनला रीतसर लेखी मान्यता मिळाल्याचा पुरावा नाही. तरी आज रिन्झाई शाखेतील गुरू आपली वंशावळ हाकुइनपासूनच सांगतात.

मराठी वाचकाला येथे गोरोबाकाकांची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून कोणते मडके कच्चे ते पाहिले. बाकीचे शांत राहिले, नामदेव दुखावले, आणि मडके कच्चे ठरले. त्यानंतर नामदेव विसोबा खेचरांकडे गेले ते त्या शेऱ्यामुळेच. शोजूने पिळलेले नाक आणि गोरोबांचे थापटणे यांचा अर्थ एकच आहे. दोन्ही परीक्षा पक्केपणाची खूण शोधीत नाहीत, कच्चेपणाची शोधतात. मंचसूत्रापासून हाकुइनपर्यंतच्या गोष्टी या दृष्टीने पुन्हा वाचल्या तर असेच आढळते. शेनश्यूचा संकोच, सेवेकऱ्याची नक्कल, दाहुइच्या शिष्यांची पाठ केलेली चतुराई, हाकुइनचा ताठा, हे सारे कच्चेपणाचे नमुने आहेत आणि ते विलक्षण बारकाईने रंगविलेले आहेत. याउलट पक्केपणाविषयी हे वाङ्मय बोलू लागले की हास्य, मूठ, बोट अशी कोणालाही करता येण्याजोगी चिन्हे उरतात. मडके कच्चे असल्याचे एका टिचकीत कळते. पक्के असल्याचे कळायला त्यात पाणी भरून बरेच दिवस ठेवावे लागते. झेनच्या उत्तम लेखकांना हा भेद ठाऊक होता. त्यांच्या संस्थांना तो पेलला नाही.

संस्थेला कागद लागतो. दोगेन (१२००–१२५३) हा जपानी भिक्षू १२२३ मध्ये चीनला गेला आणि १२२७ मध्ये रुजिंग या आचार्याचा वारसा घेऊन परतला. १२४१ मध्ये त्याने 'शिशो' म्हणजे वारसापत्रे या विषयावर लिहिलेले प्रकरण वाचनीय आहे. चीनमध्ये पाहावयास मिळालेल्या एकेका वारसापत्राचे तो कमालीच्या आदराने वर्णन करतो आणि त्याच प्रकरणात तेथील बाजाराची हकीगत सांगतो. लोक थोर आचार्यांची हस्ताक्षरे आणि तसबिरी गोळा करून ठेवतात, अधिकाऱ्यांना पैसे चारून मठ मिळवितात, आणि मठ मिळाला की राजदरबारी वजन असलेल्या भलत्याच आचार्याचे वारस म्हणवून घेतात. आदर आणि उद्वेग एकाच लेखणीतून उतरल्यामुळे या प्रकरणाला एक ताण आला आहे. दोगेनला कागद टाकून देता येत नाही, कारण त्याची स्वतःची परंपरा त्यावर उभी आहे. आणि कागदावर विसंबताही येत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला इक्क्यू (१३९४–१४८१). १४२० मध्ये बिवा सरोवरावर रात्री कावळ्याचे ओरडणे ऐकून त्याला बोध झाला. गुरू कासो म्हणाला, ही अर्हताची अवस्था झाली, आचार्याची नव्हे. मग मला अर्हतच राहू द्या, असे इक्क्यूने म्हणताच कासोने त्याला आचार्य मानले. त्याच्या चरित्रात सांगितले आहे की गुरूने लिहिलेला दाखला त्याने नाकारला आणि पुढे तो नष्ट करविला.

कचेरीत काम करणाऱ्याला कागदाचे मोल आणि त्याची मर्यादा दोन्ही ठाऊक असतात. दाखला म्हणजे अमुक दिवशी अमुक अधिकाऱ्याने अमुक पाहिले, एवढेच विधान. माणूस कसा वागला हे समजण्यासाठी सेवापुस्तक चाळावे लागते, आणि तेही सर्व सांगत नाही. झेनच्या वारसापत्रात एका दिवसाचा निकाल आयुष्यभरासाठी लागू केला जातो. एवढेच नव्हे, तर हा निकाल बुद्धापासून अखंड चालत आल्याची वंशावळ त्याला जोडलेली असल्यामुळे त्यावर अपील उरत नाही. वूमेनने घातलेला लगाम, परीक्षकाचीही परीक्षा होते हा विचार, येथे सुटतो.

तो सुटला म्हणजे काय होते, हे विसाव्या शतकाने दाखविले. १९६५ मध्ये फिलिप कॅप्लो या अमेरिकन गृहस्थाचे 'थ्री पिलर्स ऑफ झेन' हे पुस्तक निघाले. कॅप्लो मूळचा न्यायालयीन लघुलेखक. न्यूरेंबर्ग आणि टोकियो येथील युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत त्याने काम केले होते. त्याने आपले गुरू यासुतानी हाकुउन (१८८५–१९७३) यांच्या शिष्यांशी एकांतात झालेल्या मुलाखती छापल्या आणि आधुनिक काळातील स्त्रीपुरुषांच्या बोधाच्या हकीगती दिल्या. अश्रू, हास्य, देहभान सुटणे यांनी भरलेल्या या हकीगतींनी पाश्चात्त्यांच्या मनात बोधाचे एक निश्चित चित्र तयार केले. रॉबर्ट शार्फ यांनी १९९५ मध्ये या शाखेवर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की झटपट अनुभवावर आणि त्याच्या मान्यतेवर असलेला हा भर झेनच्या प्रस्थापित मठांतील रीतीहून वेगळा व अर्वाचीन आहे. १९९७ मध्ये ब्रायन व्हिक्टोरिया यांचा 'झेन अॅट वॉर' हा ग्रंथ आला. त्यात आणि त्यांच्या पुढील लेखनात जे पुढे आले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. यासुतानींनी १९४३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात जपानी साम्राज्यवादाचा पुरस्कार आणि ज्यूद्वेष होता. त्यांचे गुरू हारादा सोगाकू यांनी १९३९ मध्ये सैनिकाच्या संचलनात आणि गोळीबारात बोधाचा आविष्कार पाहिला होता. सोतो पंथाने १९९२ मध्ये युद्धकाळातील सहभागाबद्दल पश्चात्ताप जाहीर केला. रिन्झाई शाखेच्या म्योशिन-जी मठाने २००१ मध्ये तसेच केले.

या ठिकाणी दोन उत्तरे तत्काळ सुचतात. एक, हे गुरू बोध पावलेलेच नव्हते. दुसरे, बोध निराळा आणि नीती निराळी. पहिले उत्तर घ्यावे तर दाखल्यांची संपूर्ण साखळी कोसळते, कारण यांच्याजवळ ती रीतसर होती. दुसरे घ्यावे तर प्रज्ञा आणि करुणा यांना एकत्र पाहणारा महायान धर्मच हातून जातो. मला वाटते, उत्तर या वाङ्मयातच आहे. 'हेकिगानरोकु'चे पहिले प्रकरण बोधिधर्म आणि सम्राट वू यांच्या भेटीचे आहे. सम्राटाने मठ बांधले, भिक्षूंना आश्रय दिला, आणि आपल्याला किती पुण्य लाभले असे विचारले, असे परंपरा सांगते. काहीच नाही, असे बोधिधर्माने तोंडावर सांगितले. भेट दंतकथेतील असेल. परंतु झेनने आपल्या मूळ पुरुषाचे चित्र कसे रेखाटले, हे तिच्यावरून कळते. सिंहासनासमोर तो मान हलवीत नाही. सम्राटाच्या युद्धाला आशीर्वाद देणारे गुरू परक्या नीतिशास्त्राच्या कसोटीला उतरले नाहीत असे म्हणण्याचे कारण नाही. ते त्यांच्या स्वतःच्या पहिल्या प्रकरणात नापास झाले.

या वाङ्मयातील उणीवही येथेच सांगितली पाहिजे. त्याने परीक्षेसाठी निवडलेली जागा म्हणजे गुरूची खोली, फार तर मठाचे आवार. शिष्याचे उत्तर, गुरूचा फटकारा, क्षणाची चमक यांत ते इतके रमले की मठाच्या दरवाजाबाहेर तोच माणूस कर भरणाऱ्या शेतकऱ्याशी, मरणाऱ्या सैनिकाशी किंवा पैसेवाल्या आश्रयदात्याशी कसा वागतो, हे पाहण्याची वेळ त्याने क्वचितच आणली. हाकुइनच्या उत्तरायुष्यात ती आली, म्हणून त्याचे कथन इतर बोधकथांहून भरदार वाटते. समर्थांची लक्षणांची यादी झेनच्या गोष्टींइतकी चटकदार नसेल. पण गुरू चमत्कार दाखवितो की नाही यापेक्षा तो शिष्याला काय देतो याकडे तिचे लक्ष आहे, आणि तेवढ्यापुरती ती अधिक शहाणी आहे.

मग झेनच्या ग्रंथांतून बोधाची खूण मिळते की नाही? माझ्या मते मिळत नाही, आणि ती न देण्यातच त्यांचा खरेपणा आहे. त्यांतून मिळते ती कच्चेपणा ओळखण्याची नजर. ती दुसऱ्याच्या ताठ्यावर, नकलेवर आणि पाठांतरावर जितकी पडते, तितकीच निकाल देणाऱ्यावर आणि वाचणाऱ्यावरही पडते. ज्या गुरूपुढे ही नजर मिटून बसावे लागते तो गुरू कितीही मोठ्या वंशावळीतला असो, वूमेनच्या हिशेबी तो पहिल्या कुटीतलाच म्हणावा लागेल. आणि हे वाक्य ठामपणे लिहिणाऱ्यालाही वूमेनने सोडले नसते. 'मुमोनकान' वाचावा तो यासाठी. अठ्ठेचाळीस प्रकरणे संपल्यावर आपल्याला कोणीही दाखला देत नाही, पण दाखल्याकडे पाहण्याची आपली रीत मात्र पूर्वीसारखी राहत नाही.